नाईलवरची क्रूझ : देऊळ किती, डेक किती?

इजिप्तच्या सहलीचा साचा आता पक्का झाला आहे. कैरोत उतरायचं, गिझाचे पिरॅमिड आणि वस्तुसंग्रहालय बघायचं, मग विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने अस्वान नाहीतर लक्सर गाठायचं आणि तिथून तीन किंवा चार रात्रींची नाईल क्रूझ. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर हॉटेलांची नावं तेवढी बदलतात. क्रूझच्या रकान्यात डेकवरचा पोहण्याचा तलाव, बुफे आणि बेली डान्स यांना ऐसपैस जागा मिळते. कोम ओम्बो, एडफू, कर्नाक ही नावं स्वल्पविरामांनी जोडून एका ओळीत आटोपतात.

जाऊन आलेल्यांकडून मग दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, नाईलवरच्या त्या चार दिवसांसारखं सुख नाही. कुणी म्हणतं, तिसऱ्या दिवसापासून सगळी देवळं एकसारखी दिसायला लागली. दोन्ही मतं खरी आहेत. पहिलं नदीबद्दल आहे, दुसरं वेळापत्रकाबद्दल. नाईलकाठची देवळं समजून घ्यायला बोटीइतकं योग्य वाहन नाही; पण ती बोट आज ज्या पद्धतीने चालते, तिच्यात कात्री लागते ती नेमकी देवळांच्या वेळेला. हा निष्कर्ष आधीच सांगून टाकला, आता त्याची कारणं.

देवच बोटीतून फिरत होते

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिच्या खोऱ्यात वारा बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे शीड उभारलं की प्रवाहाविरुद्ध वर जाता येतं आणि शीड उतरवलं की प्रवाह खाली आणून सोडतो. जाणंही फुकट, येणंही फुकट. प्राचीन इजिप्तच्या राज्यकारभाराची, धान्यवसुलीची आणि बांधकामाची सगळी घडी या एका सोयीवर बसलेली होती.

देवळांचा दगडही याच वाटेने आला. कर्नाक, लक्सर, एडफू इथला वालुकाश्म मुख्यतः गेबेल एल-सिलसिलाच्या खाणींतला. एडफू आणि कोम ओम्बो यांच्यामध्ये नदी जिथे अरुंद होते, तिथे दोन्ही काठांवर या खाणी आहेत. ग्रॅनाइट अस्वानचा. राणी हत्शेपसुतचा कर्नाकमध्ये आजही उभा असलेला ओबेलिस्क हा एकाच दगडातला स्तंभ सुमारे साडेएकोणतीस मीटर उंच आणि तीनशे टनांहून जड आहे. असे दोन ओबेलिस्क लादलेला अजस्र तराफा तिच्या देर एल-बहारीच्या मंदिरातल्या भिंतीवर कोरलेला आहे. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट ओबेलिस्क तसाच पडून आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांच्या वर. कोरता कोरता दगडाला भेग गेली आणि काम सोडून द्यावं लागलं. तो हलवला असता तर नदीनेच नेला असता.

देवांचंही तेच. कर्नाकचं मुख्य द्वार नदीकडे तोंड करून आहे आणि त्याच्यासमोर दगडी धक्का आहे. ओपेतच्या उत्सवात आमोन देव कर्नाकहून लक्सरच्या देवळात जायचा. त्याचा देव्हाराच मुळी बोटीच्या आकाराचा. आपल्याकडे पालखी खांद्यावर घेतात तशी ही बोट पुजारी खांद्यावर घेत आणि मग ती नदीतल्या मोठ्या नावेवर चढवत. लक्सरच्या देवळातल्या उंच खांबांच्या दालनात ही सगळी मिरवणूक तूतनखामुनच्या काळात भिंतींवर कोरली गेली. वादक, नाचणाऱ्या बाया, बळीचे बैल आणि काठावरून नाव ओढणारी माणसं, सगळं तिथे आहे. दोन देवळांना जोडणारा स्फिंक्सांचा २.७ किलोमीटरचा मार्ग नोव्हेंबर २०२१मध्ये पुन्हा खुला झाला.

लक्सरच्या उत्तरेकडच्या दंदेराची हाथोर देवी तर दरवर्षी दीडशेहून अधिक किलोमीटर प्रवाहाविरुद्ध प्रवास करून एडफूच्या होरसला भेटायला यायची आणि पंधरवडाभर उत्सव चालायचा. आजच्या क्रूझचा निम्मा मार्ग हा या देवीच्या वारीचाच मार्ग आहे. नदीतून देवळाकडे जाण्यात जे औचित्य आहे, ते इथून येतं.

या नदीवरून कोकणचा मालही गेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत; पैठण आणि तेर या बाजारपेठाही आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला माल लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून लक्सरच्या उत्तरेला कोप्टोसला येई आणि तिथून नाईलच्या नावांतून अलेक्झांड्रियाला जाई. बेरेनिकेच्या उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. तिथेच सापडलेल्या बुद्धमूर्तीची घोषणा २०२३ साली झाली. लक्सरला डेकवर उभं राहून उत्तरेकडे पाहणाऱ्या मराठी प्रवाशाला ही वाट ठाऊक असायला हरकत नाही. तिचा उल्लेख मात्र गाइड सहसा करत नाहीत.

आगबोटींपासून तरंगत्या हॉटेलांपर्यंत

युरोपीय प्रवासी एकोणिसाव्या शतकात नाईलवर फिरले ते दहाबियातून. दहाबिया म्हणजे दोन शिडांची, मागच्या बाजूला खोल्या असलेली लांबट नाव. वाऱ्याच्या मर्जीने चालणारी आणि म्हणून महिनोन्‌महिने लावणारी. थॉमस कुक या इंग्रज सहल व्यावसायिकाने १८६९ साली, म्हणजे सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, पहिला गट आगबोटीने नाईलवर नेला. पुढे त्याच्या कंपनीने स्वतःचा आगबोटींचा ताफाच उभारला. ठरलेल्या तारखा, ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं हा आजचा साचा तिथला आहे. १९२१ची 'सुदान' ही आगबोट अजून चालते. अगाथा ख्रिस्तीच्या १९३७च्या 'डेथ ऑन द नाईल'मुळे या सगळ्या प्रवासाला एक झळाळी आली, ती अजून उतरलेली नाही.

त्या जुन्या प्रवाशांपैकी एक नाव ठळक आहे. अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज कादंबरीकार युरोपातल्या पावसाला कंटाळून १८७३ साली कैरोत आली आणि एक दहाबिया भाड्याने घेऊन थेट नाईलच्या दुसऱ्या धबधब्यापर्यंत गेली. अस्वानच्या दक्षिणेला असलेल्या अबू सिंबलच्या लेण्यांपाशी तिने सुमारे दोन आठवडे मुक्काम ठोकला. तिथल्या एका महाकाय पुतळ्याच्या चेहऱ्यावर आधीच्या कुणी साचा घेताना प्लास्टरचे पांढरे डाग ठेवले होते. ते खरवडून काढल्यावरही फिकट चट्टे राहिले, तेव्हा तिने खलाशांना परांची बांधून वर चढवलं आणि बोटीवरच्या स्वयंपाक्याला कढत कॉफी करायला सांगून तिने ते चट्टे दगडाच्या रंगाचे करून घेतले. नाईलने तिला आयुष्यभराचं काम दिलं. १८७७ साली तिचं प्रवासवर्णन आलं आणि १८८२ साली तिच्या पुढाकाराने इजिप्तमधल्या उत्खननासाठी निधी-संस्था स्थापन झाली. आजचा प्रवासी अबू सिंबलला दोन तास थांबतो. काळ बदलला हे मान्य, पण दोन आठवडे आणि दोन तास यांच्या मधलं काहीतरी शक्य असायला हवं.

आज लक्सर आणि अस्वान यांच्यामध्ये शेकडो डिझेल बोटी ये-जा करतात. दोन शहरांतलं अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. चार रात्रींच्या क्रूझमध्ये बोट प्रत्यक्ष चालते त्याचे तास मोजले तर एका दिवसापेक्षा कमी भरतात. उरलेला वेळ ती धक्क्याला बांधलेली असते. धक्के अपुरे म्हणून बोटी एकीला एक खेटून उभ्या राहतात. किनाऱ्यावर यायला चार बोटींच्या स्वागतकक्षांतून चालत यावं लागतं आणि 'नदीकडची खोली' घेतलेल्याच्या खिडकीसमोर दुसऱ्या बोटीतल्या पाहुण्याचा पडदा असतो. माहितीपत्रकातल्या फोटोत हे दिसत नाही.

थांबे : काय मिळतं, काय निसटतं

लक्सरचा पूर्व काठ म्हणजे कर्नाक आणि लक्सरची देवळं. कर्नाकच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. इथे गर्दी असली तरी जागा तिला पुरून उरते. पश्चिम काठाचं मात्र तसं नाही. राजांच्या खोऱ्यातल्या तीन कबरी, हत्शेपसुतचं मंदिर आणि मेमननचे दोन पुतळे अर्ध्या दिवसात बसवले जातात. दुपारचं जेवण बोटीवर असतं आणि बोट सुटायची असते. खोऱ्यातल्या साध्या तिकिटावर तीनच कबरी पाहता येतात. तूतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांच्या कबरींना वेगळं तिकीट लागतं. त्यातल्या सेतीच्या कबरीचं काम सर्वांत देखणं, पण गटाच्या वेळेत ती सहसा बसत नाही.

पुढे एस्ना. इथला बंधारा १९०८चा, नवा त्यानंतरचा. बोटींना पाणकोठ्यातून वर-खाली व्हावं लागतं आणि त्यासाठी रांग लागते. याच रांगेत छोट्या होड्यांतले विक्रेते मोठ्या बोटीला दोर अडकवून सोबत येतात, टेबलक्लॉथ आणि झगे पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर भिरकावतात आणि पैसेही त्याच पिशवीतून परत मागतात. प्रवासी या गमतीत रंगतात आणि गावातलं खनूम देवाचं देऊळ बहुतेकांचं राहून जातं. ते रस्त्याच्या पातळीपासून सुमारे नऊ मीटर खाली आहे, कारण गाव त्याच्यावर वाढत गेलं. उरलाय तो फक्त २४ खांबांचा मंडप. २०१८पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी त्याच्या छतावरची शतकांची काजळी काढली आणि खालून निळे, तांबडे, पिवळे रंग बाहेर आले. इजिप्तची देवळं मुळात मातकट नव्हती, रंगीत होती, हे सांगून पटत नाही ते इथे दिसतं. क्रूझच्या थांब्यांत एस्ना असेल तर ती बोट इतर बोटींपेक्षा अधिक विचाराने आखलेली आहे असं समजावं.

एडफू हे इजिप्तमधलं सर्वांत शाबूत देऊळ. काम सुरू झालं इसवी सनपूर्व २३७मध्ये आणि पूर्ण झालं इसवी सनपूर्व ५७मध्ये. म्हणजे पिरॅमिडांच्या मानाने अगदी अलीकडचं, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांचं. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८६०पासून ते उपसलं तेव्हा आत वाळू होती आणि छपरावर माणसांची घरं होती. आजही ३६ मीटर उंचीच्या दोन बुरुजांमधून आत शिरलं की प्रत्येक दालनाला जमीन थोडी चढते, छत थोडं उतरतं आणि उजेड कमी होत जातो. गाभाऱ्याशी काळ्या दगडाचा देव्हारा आणि त्याच्यापुढे देवाच्या बोटीची लाकडी प्रतिकृती. देवळाची सारी रचना पायाने कळते, पण त्यासाठी सावकाश चालता आलं पाहिजे.

बाहेरच्या तटाच्या आतल्या बाजूला होरस आणि सेत यांच्या युद्धाची कथा कोरली आहे. होरस नावेत उभा राहून पाणघोड्याच्या रूपातल्या सेतला भाला मारतो. तो पाणघोडा इतका छोटा कोरलाय की पहिल्यांदा दिसतच नाही. भिंतीवरचं चित्र जिवंत होऊ शकतं अशी श्रद्धा असल्यामुळे शत्रूला मोठा काढायचाच नाही, असा त्यामागचा विचार. गट या तटाकडे अनेकदा वळतच नाही. पहाटे सगळ्या बोटी एकदम लागतात, धक्क्यावरून देवळापर्यंत घोडागाड्यांची शर्यत होते, तासाभरात परत. त्या गाड्यांच्या घोड्यांची हाडं मोजता येतात, हेही लिहायला हवं. गाइडकडे मोटारीची मागणी करता येते, ती करावी.

एडफूहून निघाल्यावर सिलसिलाच्या खाणी येतात. मोठ्या बोटी इथे थांबत नाहीत. ज्या दगडाची देवळं पाहत आलो, त्याची खाण बुफेच्या काचेबाहेरून सरकून जाते.

कोम ओम्बो थेट काठावर आहे; बोटीतून उतरलं की पायऱ्या. एका छपराखाली दोन देव, मगरमुखी सोबेक आणि थोरला होरस. म्हणून दोन दरवाजे, दोन गाभारे, सगळं जोडीने. मागच्या भिंतीवर चिमटे, कात्र्या, तराजू अशा वस्तूंची मांडणी कोरली आहे आणि तिला गाइड शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणतात. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत. अडचण एकच, संध्याकाळी सगळ्या बोटी इथे एकाच वेळी पोचतात.

धरणाने हलवलेली देवळं

अस्वानचा थांबा बाकीच्यांपेक्षा वेगळा, कारण इथली मोठी देवळं मूळ जागी नाहीत. १९०२च्या पहिल्या धरणाने फिले बेटावरचं इसिस देवीचं देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात जाऊ लागलं. १९६० ते १९७० या काळात वरचं उंच धरण झालं आणि सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा नासर जलाशय अस्वानच्या दक्षिणेकडच्या नुबियाच्या भूमीवर पसरला. युनेस्कोने मार्च १९६०मध्ये जगाला हाक दिली. अबू सिंबलची रामसेस दुसऱ्याची लेणी १९६४ ते १९६८ दरम्यान हजाराहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा बसवली. फिलेचं देऊळ शेजारच्या अगिल्किया बेटावर नेलं आणि ते काम १९८०मध्ये संपलं. प्राचीन चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा कोरीव लेख, इसवी सन ३९४चा, याच देवळात आहे. भारतही या मोहिमेत होता. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात गेलं आणि आफ्येह इथे त्याने उत्खनन केलं. १९७२चा जागतिक वारसा करार या अनुभवातून उभा राहिला. आज अजिंठा-वेरूळच्या पाट्यांवर जो शिक्का आहे, त्याचं एक मूळ इथे सापडतं.

देवळं वाचली, माणसं उठवली गेली. इजिप्तमधले सुमारे पन्नास हजार नुबियन १९६३-६४मध्ये कोम ओम्बोच्या परिसरात वसवले गेले, नदीकाठापासून दूर. क्रूझच्या कार्यक्रमात 'नुबियन गाव' असतं. तिथे रंगवलेली घरं, मेंदी आणि हाताळायला मगरीचं पिल्लू मिळतं. विस्थापनाबद्दल सहसा कुणी बोलत नाही. अस्वानच्या नुबिया संग्रहालयात तासभर घालवला तर ही बाजू कळते.

धरणामुळे क्रूझला फायदाही झाला. पूर गेला, पाण्याची पातळी नियंत्रित झाली, बोटी वर्षभर चालू लागल्या. पण पूर गेल्यावर भूजल वर आलं आणि क्षार वालुकाश्मात चढून दगड भुसभुशीत करू लागले. कर्नाक आणि लक्सर इथे म्हणून भूजल उपसण्याची यंत्रणा बसवावी लागली. बोटीला सोयीचं झालेलं पाणीच देवळाला बाधत आहे.

मग करावं काय?

नदीतून न दिसणारी यादीही छोटी नाही. दंदेरा आणि अबिडोस लक्सरच्या उत्तरेला आहेत. सेतीच्या अबिडोसमधल्या देवळात ७६ राजांची नामावळी आहे आणि तिथलं उठावाचं कोरीवकाम इजिप्तमधल्या उत्तम कामांत धरलं जातं. मोटारीने एका दिवसात दोन्ही होतात. पश्चिम काठावरच्या मदिनेत हाबूत रामसेस तिसऱ्याची नाविक लढाई भिंतभर कोरलेली आहे. शेजारच्या देर एल-मदिनात कबरी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. याच रामसेसच्या राज्यात शिधा थकला म्हणून त्यांनी काम बंद केलं. इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप. अबू सिंबल तर क्रूझच्या मार्गावर नाहीच. अस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, पहाटे चारला निघून दुपारी परत.

बोटींचे पर्याय ढोबळमानाने चार. पहिला, नेहमीची मोठी बोट. स्वस्त, सोयीची, लिफ्ट असलेली मिळते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना सामान न हलवता फिरता येतं. हा तिचा खरा फायदा आहे आणि तो कमी लेखू नये. दुसरा, दहाबिया. मोजक्या खोल्या, सिलसिलासारख्या जागी थांबते, मोठ्या बोटींच्या वेळा टाळते, पण महाग. तिसरा, नासर जलाशयातली क्रूझ. बोटी थोड्या, वाटेत कलाब्शा, वादी एस-सेबुआ, अमादा ही उचलून नेलेली देवळं आणि अबू सिंबलला पाण्यातून आगमन. एकदा इजिप्त पाहिलेल्यांनी दुसऱ्या खेपेला हीच निवडावी. चौथा, कैरो ते अस्वान लांबचा प्रवास, साधारण दोन आठवड्यांचा. मध्य इजिप्तमधल्या हिंसाचारामुळे तो १९९०च्या दशकात थांबला होता, नंतर पुन्हा सुरू झाला. निवृत्तांना वेळ असेल तर याच्यासारखा इजिप्त दुसरीकडून दिसत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाने मोठी बोट घेतली तरी बिघडत नाही, पण दोन बदल करून. एक, बोटीत चढण्याआधी किंवा उतरल्यावर लक्सरमध्ये दोन रात्री जमिनीवर, शक्यतो पश्चिम काठावर काढाव्यात. म्हणजे वरची यादी बरीच आटोक्यात येते. दोन, ऑक्टोबर ते मार्च याच काळात जावं. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात देवळातली सावली तेवढी लक्षात राहते. शाकाहारी मंडळींनी जेवणाची फार चिंता करू नये. तांदूळ-मसुराची कोशरी, वाटलेल्या कडधान्याचे वडे, भाज्या आणि रोटी सर्वत्र मिळते. जाण्यापूर्वी मीना प्रभूंचं 'इजिप्तायन' वाचावं. मराठीतून तयारी झालेला माणूस गाइडला नेमके प्रश्न विचारतो.

आणि पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. प्रत्येक देवळात प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? बोट एडफू आणि कोम ओम्बोला कोणत्या वेळी लागणार? एस्नाच्या देवळात उतरवणार की फक्त पाणकोठ्यात थांबणार? पश्चिम काठाला अर्धा दिवस की पूर्ण? तलावाची लांबी आणि बोटीचे तारे नंतर बघता येतील. या चार प्रश्नांची उत्तरं ज्या कंपनीकडे तयार नसतील, तिच्याकडे बोट असेल, पण देवळं दाखवायची तयारी नसेल. तिला नम्रपणे नकार द्यावा.